शाळेची घंटा आणि मुलांची झोप

लहान मुलांची झोप पुरी व्हावी, या हेतूने राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता अथवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठविलेले बालक वर्गात पेंगते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

प्रश्न उरतो तो दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांचा. इमारत एकच, तेव्हा धाकट्यांना उशिरा आणावयाचे, तर थोरल्यांना सकाळी लवकर बोलवावे लागते. वस्तुतः पौगंडावस्थेत मेलॅटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. साहजिकच पहाटे उठणे याच वयाला अधिक जड जाते. हे ध्यानी घेऊन अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२२ पासून नववी ते बारावीचे वर्ग साडेआठपूर्वी भरविण्यास मनाई केली. ग्रामीण शाळा मात्र वगळल्या.

ग्रामीण भागाची अडचण आपल्याकडेही निराळी आहे. लोणंदसारख्या कांद्याच्या बाजारपेठेच्या गावी माध्यमिक शाळेत भोवतालच्या खेड्यांतील मुले एस. टी.ने येतात. तेथे घंटा बदलावयाची, तर गाड्यांच्या वेळाही बदलाव्या लागतील. वेळबदलातील अडचणी शिक्षणाधिकाऱ्यांपुढे मांडण्याची मुभा प्राथमिक शाळांना आहे. थोरल्यांच्या झोपेचा विचार मात्र या निर्णयात आलेला नाही.