अथेन्सचे घुबड-नाणे

अथेन्सचे घुबड-नाणे हे प्राचीन ग्रीसमधील अथेन्स या नगरराज्याचे चांदीचे नाणे होय. चार द्राख्मा मूल्याच्या या नाण्यास टेट्राद्राख्म असे म्हणतात. त्याचे टंकन इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. उत्तम प्रतीची चांदी व सुमारे १७.२ ग्रॅम हे स्थिर वजन यांमुळे ते अथेन्सबाहेरही दूरवर विश्वासाने स्वीकारले जाई. आज ते संग्राहकांचे आवडते नाणे आहे.

स्वरूप

नाण्याच्या दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेल्या अथीना देवीचे मुख असते. मागील बाजूस घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावातील आल्फा, थीटा व एप्सिलॉन ही तीन ग्रीक अक्षरे असतात. आपल्याकडे घुबड अशुभ मानले जात असले, तरी ग्रीक परंपरेत ते ज्ञानदेवता अथीनेचे प्रतीक आहे. देवीचा चेहरा एका बाजूने, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा कोरलेला असे. शिल्पकला पुढे गेली, तरी ही जुनी शैली पाचव्या शतकात कायम राहिली. ओळखीचे रूप बदलल्यास परक्या बाजारपेठांत संशय निर्माण होईल, हे त्यामागील कारण असावे, असे अभ्यासक मानतात.

नाणी हाताने पाडली जात. ऐरणीत बसवलेल्या ठशावर चांदीची चकती ठेवून, तीवर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालीत. त्यामुळे कोणतीही दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. अनेकांवर शिरस्त्राणाचा तुरा चकतीबाहेर गेलेला आढळतो.

इतिहास

अथेन्सची चांदी मुख्यत्वे लॉरियन येथील खाणींतून येई. तेथील कष्टाचे काम गुलामांकडून करवून घेतले जाई. इ.स.पू. ४८३च्या सुमारास तेथे विपुल चांदी सापडली. ती नागरिकांना प्रत्येकी दहा द्राख्मा याप्रमाणे वाटावी, असा विचार होता, असे हेरोडोटस सांगतो. थेमिस्टोक्लीसने मात्र त्या पैशातून युद्धनौका बांधण्यास नागरिकांना राजी केले. इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या सागरी युद्धात याच आरमाराच्या बळावर इराणी आरमाराचा पराभव झाला. डेलियन संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सला हलविण्यात आल्यानंतरच्या काळात ही नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली.

पेलोपोनेशियन युद्धात ही समृद्धी ओसरली. इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाने डेसिलिया येथे ठाणे दिले. त्यानंतर वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, असे थ्युसिडिडीस नोंदवतो. खाणकाम कोलमडले आणि युद्धाच्या शेवटी अथेन्सला चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी काढावी लागली. ॲरिस्टोफेनीसच्या ‘बेडूक’ (इ.स.पू. ४०५) या नाटकात चांगल्या नागरिकांना जुन्या अस्सल नाण्यांची व हीन पुढाऱ्यांना नव्या खोट्या नाण्यांची उपमा दिली आहे.

गमावलेला विश्वास जपण्यासाठी पुढे कायद्याचा आधार घेण्यात आला. इ.स.पू. ३७५च्या निकोफोनच्या कायद्यानुसार बाजारात सरकारी नाणेपारखी बसे. हा पारखीदेखील राज्याच्या मालकीचा गुलामच असे. तांब्याचा वा शिशाचा गाभा असलेले नाणे तो कापून टाकी. उलट, त्याने अस्सल ठरवलेले नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवसाचा माल जप्त होई. या कायद्याचा शिलालेख १९७० मध्ये अथेन्सच्या अगोरा या प्राचीन बाजारचौकात सापडला.

भारताशी संबंध

अलेक्झांडरने आपल्या चांदीच्या नाण्यांसाठी अथेन्सचेच वजनमान स्वीकारले आणि ते बॅक्ट्रियापर्यंत पोहोचले. हिंदुकुशाच्या दक्षिणेस इंडो-ग्रीक राजांनी स्थानिक वजनमान व ग्रीक-खरोष्ठी असे द्विभाषिक लेख वापरले. मिनँडर (मिलिंद) राजाच्या नाण्यांवर अथीना दिसते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार मिनँडरचे जुने द्राख्मा इ.स.च्या पहिल्या शतकातही बारिगाझा (भडोच) येथे चालत असत.

संग्रहण

अनेक घुबड-नाण्यांवर छिन्नीची खोल खूण असते. आत चांदीच आहे ना, हे पाहण्यासाठी प्राचीन व्यापाऱ्यांनी घातलेला तो घाव होय. त्याने नाण्याची किंमत उतरते. अभ्यासकाला मात्र त्यातून नाण्याच्या प्रवासाचा माग लागतो. ओतीव बनावट नाण्यांच्या कडेवर साच्याचा सांधा दिसू शकतो, म्हणून वजन व कडा तपासणे आवश्यक असते.

याहून गंभीर प्रश्न नाणे कोठून आले हा आहे. पुरलेला नाणेनिधी एकत्र अभ्यासता आला, तर तो केव्हा पुरला गेला व कोणती नाणी एकाच वेळी चलनात होती, हे समजते. निधी चोरून विकला गेला की ही माहिती नष्ट होते. तुर्कस्तानात एल्माली येथे १९८४ मध्ये सुमारे १,९०० नाण्यांचा निधी सापडला. त्यात अथेन्सची अतिदुर्मीळ दहा द्राख्मांची नाणीही होती. तो देशाबाहेर नेऊन विकण्यात आला व दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर त्यातील बहुतेक नाणी १९९९ मध्ये तुर्कस्तानला परत मिळाली. म्हणूनच जबाबदार संग्राहक नाण्याबरोबर त्याच्या पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे मागतो.

ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर आजही हेच घुबड कोरलेले आहे.