नागीण बरी झाली, वेदना का राहिली?

‘कातडी तर बरी झाली, मग अजून दुखते कसे?’ हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात नागिणीचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक असे दोघेही विचारतात. रुग्णाच्या स्वरात व्याकुळता असते. नातेवाइकांच्या स्वरात, नकळत का होईना, शंका असते. त्या शंकेचे निरसन व्हावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कांजिण्या बऱ्या झाल्या, तरी त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो वर्षानुवर्षे सुप्त राहतो. उतारवयात, किंवा काही आजारांमुळे व औषधांमुळे प्रतिकारशक्ती खालावली, की तो पुन्हा जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच नागिणीचे फोड बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उमटतात. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, हा समज सर्वस्वी निराधार आहे.

फोड साधारणतः दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. मात्र ज्या मज्जातंतूच्या वाटेने विषाणू आला, त्याला इजा झालेली असते. असा तंतू कारण नसतानाही मेंदूकडे वेदनेचे संदेश धाडत राहतो. तीन महिन्यांनंतरही ही वेदना टिकली, तर तिला ‘नागिणीनंतरची मज्जातंतुवेदना’ म्हणतात. आग होणे, विजेसारख्या चमका येणे, सदऱ्याचा हलका स्पर्श किंवा पंख्याचा वाराही सहन न होणे, ही तिची लक्षणे होत. वाढत्या वयाबरोबर तिचा धोका वाढतो. ती मनाचा खेळ नव्हे. ती संसर्गजन्यही नाही. रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. गाबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी मज्जातंतूंवर काम करणारी औषधे द्यावी लागतात. ती थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवितात; गुण दिसण्यास काही आठवडे लागू शकतात. सुरुवातीस गुंगी किंवा चक्कर येऊ शकते, म्हणून वृद्ध रुग्ण रात्री उठताना पडणार नाहीत याची काळजी घ्यावी. मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्वचा पूर्ण भरून आल्यानंतर लिडोकेनच्या पट्ट्यांचाही काहींना उपयोग होतो. सैल सुती कपडे आणि पुरेशी झोप यांनीही आराम पडतो. वेदना पूर्णपणे थांबेल असे आश्वासन आम्ही देत नाही; परंतु बहुतेकांची वेदना कालांतराने ओसरते, आणि तोवर ती सुसह्य करता येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती वेळेची. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोविरसारखे विषाणुरोधक औषध सुरू झाले, तर आजाराची तीव्रता व कालावधी कमी होतो. दुर्दैवाने हेच पहिले तीन दिवस मंत्र, उतारे आणि लेप यांत निघून जातात. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दृष्टीला धोका असतो. ७२ तास उलटून गेले असले, तरी येण्याचे टाळू नये.

२०२३ पासून भारतात नागिणीवरील नवी लसही मिळू लागली आहे. पन्नाशीपुढील व्यक्तींना तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात. ती प्रतिबंधासाठी आहे; सुरू झालेल्या वेदनेवरील तो उपचार नव्हे. तिची किंमत मात्र अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

दात्यांना आणि विश्वस्तांना आमचे एवढेच निवेदन आहे. या आजारात ना शस्त्रक्रिया असते, ना मोठे यंत्र. लागते ते महिनोन्‌महिने अखंड औषध. पैशाअभावी ते मध्येच सुटले, की वेदना पुन्हा उसळते आणि रुग्ण खचतो. आपल्या देणगीतून मिळणारी गोळ्यांची छोटी पुडी एखाद्या आजीला रात्रीची झोप परत देते. आणि नातेवाइकांना विनंती अशी, की ‘दुखते’ असे त्या म्हणाल्या, तर आधी त्यांच्यावर विश्वास ठेवावा. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.