सिलिंडरलाही टाकी लावतात!

जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या मागून निळा धूर निघाला की समजावं, ऑइल जळतंय. हौशी मंडळी मग घरीच इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलतात. पण त्याआधी सिलिंडरच्या आरशासारख्या चकचकीत आतल्या भिंतीवर घासायच्या दगडाने मुद्दाम तिरके, एकमेकांना छेदणारे ओरखडे काढतात. का? गुळगुळीत पाट्यावर वाटण सरकतं म्हणून त्याला टाकी लावतात ना, तसंच काहीसं. चकचकीत भिंतीवर ऑइल टिकत नाही, बारीक चरांत ते साठून राहतं. शिवाय चरांमधले उंचवटे नव्या रिंगेला हलकेच घासून भिंतीशी जुळवतात आणि फट बुजते. ओरखडे काढून झाले की, रिंगा बसवण्याआधी, सिलिंडर साबणाच्या पाण्याने खसाखसा धुवायचा. कंटाळा नेमका इथेच येतो! पण उरलेली दगडाची पूड नव्या रिंगाही खाते. धुतल्यावर लगेच ऑइलचा हात फिरवायचा. सिलिंडरच्या कोरड्या बिडावर बघता बघता गंज चढतो.