बोटभर माशांचं बेट

बाळांनो, नकाशात केरळच्या पश्चिमेला, पार दक्षिणेकडे बघा. ते टिंब म्हणजे लक्षद्वीपमधलं मिनिकॉय. तिथले लोक त्याला मलिकू म्हणतात. साडेचार चौरस किलोमीटरचं हे बेट. लोक महल बोलतात, मालदीवच्या भाषेशी नातं सांगणारी, आणि लिहितात उजवीकडून डावीकडे.

बेट बांधलं कुणी? पोवळ्यांनी! टाचणीच्या डोक्याएवढे जीव पिढ्यान्‌पिढ्या चुन्याची घरं बांधत गेले, लाटांनी त्यांचा चुरा करून वाळू रचली. तिथं ना नदी ना ओढा, तरी विहिरीला गोडं पाणी! पाऊस वाळूत मुरतो आणि खाऱ्या पाण्याहून हलका म्हणून त्याच्यावर तरंगून राहतो.

आता खरी गंमत ऐका. तिथला कोळी कुपा मासा धरायला निघाला, की आधी बेटाजवळच्या उथळ पाण्यात पोवळ्यांच्या आडोशाला राहणारे बोटभर मासे पकडतो. ते जिवंतच हवेत, म्हणून होडीच्या पोटात टाकी. तिच्या तळाला भोकं असतात, त्यांतून समुद्राचं पाणी खेळतं राहतं. मग भर समुद्रात जिथं पक्षी घिरट्या घालतात, तिथं कुप्यांचा थवा गाठायचा. मूठ मूठ मासे भिरकावायचे, वरून पाण्याचा शिडकावा करायचा. कुप्याला वाटतं, छोट्या माशांची झुंबड उडालीय! तो असा पिसाटतो, की रिकामा गळही धरतो. गळाला उलटा काटा नसतो. काठीला हिसका दिला की मासा उडून होडीत पडतो आणि आपोआप सुटतो. जाळ्यात फुकट मरणारं कासव नाही की डॉल्फिन नाही. मला तर मासेमारीची याहून शहाणी रीत ठाऊक नाही.

मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात खडखडीत वाळवला की झाला ‘मास’. बर्फाशिवाय महिनोन्‌महिने टिकणारा. म्हणून तर एवढ्याशा बेटाला दूरवर व्यापार करता आला. पुष्कळ पुरुष जहाजांवर नोकरीला जातात. बेटावर बायकांचा शब्द चालतो: गावात पुरुषांचा मुखिया असतो, तशी बायकांचीही मुखिया असते.

पण 1998, 2010 आणि 2016 साली समुद्र तापला आणि लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली, बरीच मेलीही. पोवळं गेलं की बोटभर माशांचा आडोसा जातो, आणि ते मासे नसतील तर कुपा गळाला येणार कसा? म्हणून सांगतो, कधी लक्षद्वीपला गेलात तर पोवळ्यावर पाय देऊ नका, आणि त्याचा तुकडा पिशवीत घालू नका.