अस्वलाचे नाक

ऑस्ट्रेलियातील कोआला बालचित्रपुस्तकांतून घरोघरी पोहोचला आहे. त्याला सर्रास अस्वल म्हणतात. वस्तुतः तो कांगारूप्रमाणे पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढविणारा प्राणी. निलगिरीच्या विषारी पानांपैकी कोणते पचेल, हे तो मुख्यतः हुंगून ठरवितो आणि दिवसाचे अठरा-वीस तास झोपेत घालवितो. खरे अस्वल मात्र आपल्याच नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरच्या सागवानी रानात राहते. (लातूरकरांना एवढे रानही लाभलेले नाही.) नावाचा घोटाळा याच्याही वाट्याला आला. लांब नख्या व वरचे दोन पुढचे दात नसलेला जबडा पाहून १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची गणना झाडाला उलटे लोंबकळणाऱ्या दक्षिण अमेरिकी स्लॉथमध्ये केली होती.

दातांची ती उणीव हीच त्याची सोय आहे. वाळवीचा ठाव ते वासावरून घेते, बोटभर लांब नख्यांनी वारूळ फोडते, फुंकर मारून माती उडविते, नाकपुड्या मिटून घेते आणि दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेते. शंभर पावलांवरूनही तो आवाज ऐकू येतो. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. अस्वलांच्या अन्य जातींत ही रीत सहसा नाही, कोआलात मात्र आहे.

नाक असे तल्लाख असले तरी डोळे व कान बेताचेच. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला आदिवासी कुटुंबे अंधारातच निघतात, कारण त्या वेचणीवर घरचे मीठमिरची चालते. त्याच वेळी अस्वलही झाडाखाली असते. खाण्यात गुंग, स्वतःच्याच आवाजात बुडालेले, आणि वारा उलटा असेल तर माणसाचा वासही त्याला लागत नाही. माणूस दहा पावलांवर आल्यावर ते दचकते, उभे राहते आणि तोंडावर, डोक्यावर पंजे मारते. ते माणसाला खाण्यासाठी मारीत नाही, हे खरे. पण ज्याचा डोळा गेला त्याला या खुलाशाचा काय उपयोग? १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे, तेव्हा त्याला मारणे हा मार्ग नव्हे. म्हणून रानातली जाणती माणसे एकट्याने जात नाहीत. उजाडू देतात, आणि मोठ्याने बोलत, काठी आपटीत चालतात, म्हणजे अस्वलाला आधीच बाजूला होता येते.