सुगंधाचा ताळेबंद

पावसाळ्यात बंद खोल्यांना येणारा कोंदट वास घालवण्यासाठी आपल्याकडे पूर्वापार धूप, ऊद, अगरबत्ती यांचा आधार घेतला जातो. लहान सदनिकांत मात्र हा धूर कोंडून राहतो आणि दम्याचा विकार असलेल्या वडीलधाऱ्यांना त्याचा त्रास होतो. ज्योत नाही, धूर नाही आणि विजेचा खर्चही नाही, अशी एक सोय म्हणजे ‘रीड डिफ्युझर’. बाटलीत सुगंधी द्रव आणि त्यात उभ्या केलेल्या वेताच्या काड्या, एवढेच त्याचे स्वरूप. बाजारात सजावटीच्या बाटलीचेही दाम मोजावे लागतात. घरी हे काम थोडक्यात होते. मात्र काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे आधी जाणून घ्यावे.

समईची वात तेल वर ओढते, तेच तत्त्व येथे आहे. शास्त्रात त्यास केशाकर्षण म्हणतात. वेताच्या काडीत टोकापासून टोकापर्यंत सूक्ष्म नलिका असतात. त्यांतून द्रव वर चढतो आणि सुगंध हवेत मिसळतो.

बाटलीवर पैसे घालवू नयेत. औषधाची वा सरबताची जुनी काचेची बाटली स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी. तोंड अरुंद असावे; त्यामुळे द्रव लवकर उडून जात नाही आणि चिलट-मुंगी आत पडण्याची शक्यताही कमी होते. आपल्या घरांत हा दुसरा लाभ अधिक मोलाचा.

काड्यांवर काटकसर करू नये. त्या वेताच्या गाभ्याच्या, बिनरंगाच्या, बिनपॉलिशच्या आणि बाटलीच्या सुमारे दुप्पट उंचीच्या असाव्यात. बांबूच्या काडीत पेर आले की द्रवाची वाट अडते.

द्रवाचे सोपे प्रमाण एकास तीन. १० मिलिलिटर सुगंधी तेलास ३० मिलिलिटर आधारद्रव पुरेसा होतो. अत्तरांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत ‘डीपीजी’, म्हणजे डायप्रॉपिलीन ग्लायकॉल, मागावे. ते न मिळाल्यास रिफाइंड करडई तेल चालते. पण सुगंध मंद राहतो आणि काही महिन्यांनी तेल खवट होते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, ग्लिसरीन फार दाट असते आणि पाण्यात तेल मिसळत नाही. म्हणून ही तिन्ही टाळावीत. सुगंधासाठी गवती चहा किंवा सिट्रोनेला परवडते. चंदनतेलावर उतरवलेले कनौजचे पारंपरिक अत्तर काड्यांना पाजणे हा अपव्यय होय.

आता हिशेब. बाटली हा भांडवली खर्च, तेल हा चालू खर्च आणि काड्यांना घसारा असतो. धूळ व दाट अंश साचून त्या तुंबतात, म्हणून नवे तेल भरताना काड्याही नव्या घ्याव्यात. खर्च बाटलीमागे न मोजता दिवसामागे मोजावा. तेल व काड्यांची एकूण किंमत भागिले सुगंध टिकलेले दिवस, हाच खरा दर. काड्या वाढवल्या की दरवळ वाढतो, पण मुद्दल लवकर संपते. लहान खोलीत तीन काड्यांनी आरंभ करावा. आठवड्यातून एकदा त्या उलट्या कराव्यात; पंख्याखाली अथवा उन्हात बाटली ठेवू नये.

दुकानात ठेवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. चहा भोवतालचा वास चटकन शोषून घेतो. त्यामुळे चहा वा किराणा मालाच्या दुकानात ही बाटली नको. कापडाच्या दुकानात ती मालापासून दूर ठेवावी, कारण तेलाचा डाग सहज निघत नाही. फर्निचरचे पॉलिशही तेलाने उतरते, म्हणून खाली बशी असावी.

शेवटी जोखमीची बाजू. निलगिरी तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही, अशा उंच व स्थिर जागी ठेवावी. देवघरातील दिव्यापासूनही ती दूर असावी. धूर नसला तरी तीव्र सुगंधाने दमा उसळू शकतो. ज्यांच्यासाठी धूर बंद केला, त्यांच्या खोलीत बाटली ठेवण्यापूर्वी ती एक-दोन दिवस बाहेरच्या खोलीत ठेवून पाहावी. त्यांना खोकला आला, तर बाटली घट्ट बंद करून खिडक्या उघडाव्यात. मोकळी हवा विनामूल्य आहे.