बाण कुठल्या बाजूला?

दोन ट्रान्सफॉर्मर जोडीने चालत असले की साधा ओव्हरकरंट रिले एका ठिकाणी हमखास फसतो. किती करंट गेला एवढंच त्याला मोजता येतं. तो कुठून कुठे गेला, हे त्याच्या गावीही नसतं.

नाशिककडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं उदाहरण घेतो, कारण त्याचे आकडे डोक्यात पक्के बसलेत. 33/11 केव्हीचे, 10 एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स दोघांचाही 10 टक्के. दोन्ही एकाच 33 केव्ही बसवरून निघतात आणि खाली आपापल्या इन्कमर ब्रेकरमधून एकाच 11 केव्ही बसला मिळतात. 11 केव्हीच्या बाजूला प्रत्येकाचा फुल लोड करंट 525 अँपिअर, करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, 600/1.

आता पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या 33 केव्ही टर्मिनलवर तिन्ही फेजचा फॉल्ट झाला असं समजा. वरचा ब्रेकर झटक्यात उघडतो आणि पुष्कळांना वाटतं, झालं काम. पण फॉल्ट अजून जिवंत असतो. दुसरा ट्रान्सफॉर्मर 11 केव्ही बसमधून पहिल्याच्या पोटात उलटा शिरून त्याला करंट पुरवत राहतो. दोन्हींचा मिळून इम्पिडन्स 20 टक्के, म्हणजे सुमारे 2,625 अँपिअर. गंमत अशी की वरचा ब्रेकर उघडेपर्यंत हा उलटा करंट जवळपास नसतोच. 33 केव्ही बसचं व्होल्टेजच बसलेलं असतं, तेव्हा दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला ढकलायला काही उरत नाही. संगणकावरच्या मॉडेलमध्ये हा फॉल्ट दोनदा चालवावा लागतो, एकदा ब्रेकर बंद ठेवून आणि एकदा उघडून. नवी मुलं पहिल्यावरच थांबतात आणि ‘सर, इन्कमरला करंटच दिसत नाही’ म्हणून येतात.

ब्रेकर उघडल्यावर दोन्ही इन्कमरमधून तेच 2,625 अँपिअर वाहतात, फक्त एकात बसकडे आणि दुसऱ्यात बसकडून. दोन्हींवर सारखंच सेटिंग असेल, समजा पिकअप (रिले जागा होतो तो करंट) 630 अँपिअर आणि टीएमएस (वेळेचा गुणक) 0.25, तर 1.2 सेकंदांनी दोघेही एकदमच ट्रिप होतात आणि अख्खा कारखाना अंधारात जातो. डिफरन्शिअल रिले असतो, मान्य. पण बॅकअपचं गणित तो चालला नाही असं धरूनच करायचं असतं. म्हणून इन्कमरवर 67 नंबरचा, म्हणजे दिशा ओळखणारा रिले लागतो. त्याचं तोंड ट्रान्सफॉर्मरकडे. जुना संकेत असा की याचा पिकअप फुल लोडच्या निम्मा आणि टीएमएस 0.1 ठेवायचा. इथे रिलेवर 0.44, म्हणजे 264 अँपिअर. फॉल्टचा करंट त्याच्या जवळपास दहापट. आयईसीच्या स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर दहापट करंटला टीएमएस 1 असताना 2.97 सेकंद लागतात, म्हणजे आपल्याला 0.3. आजारी ट्रान्सफॉर्मर 0.3 सेकंदात बाजूला होतो, दुसऱ्याच्या 1.2 सेकंदांना अजून भरपूर अवकाश असतो.

हे सगळं पॉवरफॅक्टरी या सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये बसवायला फार वेळ लागत नाही. क्युबिकलमध्ये सीटी ठेवा, बसवर व्होल्टेज मोजणारा पीटी ठेवा, लायब्ररीतून रिलेचं मॉडेल उचला, आकडे भरा. पीटी जोडायला विसरलात तर दिशेचा घटक आंधळाच राहतो. ही चूक निदान लवकर सापडते. लवकर न सापडणारी गोष्ट सीटीच्या खिडकीत आहे. तिथे ‘ओरिएंटेशन’ अशी एक ओळ असते आणि पर्याय दोनच: बाण ब्रँचकडे, किंवा बाण बसबारकडे. त्यात रिलेच्या आतलं ‘फॉरवर्ड’ आणि ‘रिव्हर्स’ मिसळलं की चार जोड्या होतात. त्यातल्या दोन बरोबर, दोन चूक, आणि चौघी पडद्यावर सारख्याच शहाण्या दिसतात.

मुळात प्रत्यावर्ती करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो, त्याला स्वतःची अशी दिशा नाही. दिशा व्होल्टेजच्या तुलनेतच ठरते. आर फेजचा करंट तपासायला रिले वाय आणि बी यांच्यामधलं व्होल्टेज घेतो, कारण आरवर फॉल्ट असेल तर आरचं व्होल्टेज कोसळलेलं असणार. त्या व्होल्टेजला 30 किंवा 45 अंश फिरवून एक रेघ आखायची. रेघेच्या दोन्ही बाजूंना नव्वद-नव्वद अंशांपर्यंत करंट आला तर पुढचा, बाकी मागचा. ट्रान्सफॉर्मरसमोर 45 घेतात. तिन्ही फेजचा फॉल्ट अगदी बसला खेटून झाला तर तुलनेला व्होल्टेजच उरत नाही. खरा रिले क्षणापूर्वीचं व्होल्टेज लक्षात ठेवून वेळ मारून नेतो. मॉडेलमध्ये मी अशा ठिकाणी फॉल्टला थोडा रेझिस्टन्स देतो, म्हणजे शून्याशी भांडावं लागत नाही.

बाण उलटा पडला तर? पहिला रिले फॉल्ट मागे आहे असं समजून गप्प बसतो. ट्रिपच्या वेळेच्या जागी 9999 च्या घरातला आकडा दिसतो. दुसऱ्या इन्कमरचा रिले मात्र 0.3 सेकंदात उडतो, म्हणजे ठणठणीत ट्रान्सफॉर्मर बंद. पण कारखान्यात एवढी वाट पाहावीच लागत नाही. बाण उलटा म्हणजे नेहमीचा लोडही ‘फॉरवर्ड’, आणि पिकअप तर निम्म्यावर. सकाळी कमी मशिनं चालतात तोवर सगळं सुरळीत. दुपारची पाळी सुरू होऊन एका ट्रान्सफॉर्मरवर 300 अँपिअर आले की साडेपाच सेकंदांत ट्रिप. मेन्टेनन्सवाले केबल मेगर करत बसतात आणि केबलचा काही दोष नसतो.

सॉफ्टवेअरमधला बाण म्हणजे आपण केलेलं विधान असतं, तो खरा आहे का हे पॅनलमध्येच कळतं. सीटीचा पी1 बसकडे आहे का, स्टार पॉइंट एस1 बाजूला बांधलाय की एस2, आणि रिलेमधलं सीटीच्या स्टार पॉइंटचं सेटिंग लाइनकडे आहे की बसबारकडे. ड्रॉइंगवर विसंबू नये असं मी म्हणेन, कारण ड्रॉइंग छापल्यानंतर वायरमनने काय केलं ते ड्रॉइंगला माहीत नसतं. नेहमीचा लोड ट्रान्सफॉर्मरकडून बसकडे वाहत असताना रिलेच्या डिस्प्लेवर किलोवॉटची खूण पाहायची. रिलेचं तोंड ट्रान्सफॉर्मरकडे असेल तर ही दिशा रिव्हर्स दिसलीच पाहिजे. केव्हीएआरवरून ठरवू नये, कपॅसिटर बँक चालू असली तर ती खूण फिरते.

“साहेब, तिन्ही फेज रिव्हर्स,” ही खूण तपासताना पॅनलपुढून इलेक्ट्रिशियनकाका ओरडले.

“काका, वाय फेज परत बघा, अंशासकट.”

एका फेजची वायर उलटी असली तरी किलोवॉटच्या बेरजेची खूण तीच राहून फसवते, पण अंश लगेच चुगली करतो.

या कारखान्यात पुढे 11 केव्ही बसवर 6 मेगावॉटचं सोलर आलं, आणि निम्म्या पिकअपचा संकेतच डळमळला. तो संकेत लोड कधीच उलटा वाहत नाही या गृहीतकावर उभा आहे. रविवारी कारखाना बंद, एक ट्रान्सफॉर्मर देखभालीला बाहेर, ऊन कडक: सगळं सोलर एकाच इन्कमरमधून ग्रिडकडे निघतं, 315 अँपिअर, आणि 264 वर बसलेला रिले चार सेकंदांत उडतो. पिकअप 0.60, म्हणजे 360 अँपिअरवर नेला. 2,625 अँपिअरच्या फॉल्टला वेळ 0.3 वरून 0.35 सेकंद झाली, बाकी कोऑर्डिनेशनला धक्का नाही. सोलर 8 मेगावॉटपर्यंत वाढवायचा विचार आहे म्हणतात. तेव्हा उलटा करंट 420 होईल आणि हे 360 ही अपुरे पडतील.